कारबोरेटरातला झेंडू

आमच्या ह्यायले, म्हणजे कृष्णरावले, सारे लोक सरळ माणूस म्हणतात. अडतीस वर्षं भिलाईच्या प्लांटात लेथ चालवली, कोनाशी भांडण नाही, चहात साखर कमी पडली तरी बोलत नाहीत. पण एकदा मनात घेतलं का देव खाली उतरला तरी ऐकाचे नाहीत. हे मी, अन्नपूर्णा, त्यायची बायको सांगून राहिली, म्हणजे खरंच समजा.

रिटायर होऊन महिना नाही झाला तं म्हणे, "मले इंजिन बांधाचं हाय." कायचं? तं साठ सालच्या विलायती स्पोर्ट्स कारचं. लहानपणी चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत तशी दोन सीटची लाल गाडी आली होती. तिचा आवाज ह्यायच्या कानात जो बसला तो बसलाच. मी इचारलं, "गाडी कुठी हाय?"

"गाडी नाही. आधी इंजिन."

घ्या! पोटात लेकरू नाही नि हे अंगडं-टोपडं शिवून राहिले.

मंग नऊ वर्षं तेच. ब्लॉक रायपूरच्या कबाड्याकडून आला, हेड नागपुरातून. क्रँकशाफ्ट कलकत्त्याहून आणली, ते माझ्याच चादरीत गुंडाळून, रेल्वेत मांडीवर घेऊन. कॅमशाफ्टले गंज लागू नये म्हणून ते माझ्या तांदळाच्या कोठीत! साधं इंजिनबी नाही पाह्यजे, पळणारं पाह्यजे. म्हणून मोठे पिस्टन, दोन कारबोरेटर. चारही पिस्टन एका वजनाचे पाह्यजे म्हणून दुर्गच्या सोनाराच्या काट्यावर तोलले. सोनार म्हणे, "काका, चांदी आहे का?" हे म्हणे, "त्याहून भारी." मी बाजूले उभी होती, लाजेनं मेली.

भिलाईच्या हुडको कॉलनीतल्या आमच्या घराची मागची खोली त्या इंजिनानं गिळली. शेवटी माझं डोकंच फिरलं. भय्याजी म्हणजे ह्यायचे प्लांटातले जुने दोस्त. त्यायच्यासमोर मी म्हटलं, "यंदाच्या विश्वकर्मापूजेले हे चालू झालं नाही, तं दुसऱ्या दिवशी कबाडीवाला. मले माझी खोली पाह्यजे." ह्यायनं इंजिनावर हात ठेवून म्हटलं, "देला शब्द."

आता प्लांटच्या मानसायची रीत ऐका. विश्वकर्मापूजेले सारे पाने, पेचकस, हातोड्या देवापुढं मांडतात. मंग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याले बोट लावाचं नाही. ह्यायनं हौसेनं एकूणएक हत्यार मांडलं. एक पानाबी बाहेर ठेवला नाही! वरून म्हणतात, "स्टार्टरचं बटन काही हत्यार नोहे."

अंगणात लोखंडी स्टँडवर इंजिन ठेवलं. पेट्रोलचा डबा पेरूच्या फांदीले टांगला. भय्याजी नवा शर्ट घालून आले, बुंदीचा डबा घेऊन. ह्यायनं कारबोरेटरवरचं फडकं सोडलं नि बटन दाबलं. घर्र, घर्र, खोक् खोक्, बंद. परत तेच. तिसऱ्या वेळी फाट् करून कारबोरेटरच्या हवा ओढाच्या पितळी भोंग्यातून काहीतरी उडालं नि माझ्या पदरावर पडलं.

झेंडूची पाकळी.

अगं माय! सकाळी हे आंघोळीले गेले तवा मी एकटीनं इंजिनाची पूजा केली होती. नऊ वर्षं शिव्या देल्या, म्हटलं आज तरी हळदकुंकू लावू. ते दोन भोंगे असे सुंदर दिसून राहिले होते, का दोघायतबी एकेक झेंडू खोचला. पडू नये म्हणून बोटानं चांगला आत सरकवला नि धूळ जाऊ नये म्हणून ह्यायनं बांधलेलं फडकं वरून परत तसंच बांधून टाकलं.

मी पाकळी मुठीत धरली. भय्याजी धुराड्याकडं पाहून राहिले होते, हे प्लगकडं. कोनाले काही दिसलं नाही. चूप राहिली असती तं उद्या खोली माझी. पलंग कुठी टाकाचा, हेबी ठरलं होतं माझं.

हे उलट्या बालटीवर बसले. फडक्यानं इंजिन पुसत पुसत म्हणे, "भय्याजी, उद्या कबाड्याचा ठेला बोलवा. शब्द देला हाय." भय्याजीनं लगेच फोनबी लावला. ह्यायचा आवाज असा होता, का मले जोरात रडूच आलं.

"थांबा जी! त्याच्यात झेंडू हाय!"

"कायच्यात?"

"कारबोरेटरात! दोघायतबी! मीच खोचला!"

भय्याजी हसता हसता पेरूच्या झाडाले धरून खाली बसले. मंग हेबी हसले, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. पण भय्याजीचं हसू मधातच थांबलं. "कृष्णराव, काढाल कायनं? हत्यार तं सारे देवाजवळ. नि उद्या सकाळी ठेला."

"हत्याराले मी हात नाही लावत," हे म्हणाले. झाले परत हट्टी!

मी सयपाकखोलीत पळाली नि पोळ्यायचा चिमटा घेऊन आली. "हे पूजेत मांडलं होतं का? नाही ना? मंग सरका!" भय्याजीनं टॉर्च धरला. मी वाकून चिमट्यानं एकेक पाकळी बाहेर ओढली. शेवटी देठं निघाली. हे बाजूले लेकरावानी नाचून राहिले होते, "अवं हळू! अवं घासू नको!"

"मी तुमच्याहून जास्त चिमटा चालवला हाय, चूप बसा!"

चवथ्यांदा बटन दाबलं.

बापा रे बापा! असं गरजलं का मांडणीवरचे गिलास खाली आले, कावळे उडाले, शेजारच्या स्कूटरचा अलार्म आपोआप कोकलाले लागला. सारी गल्ली फाटकाशी जमा. ह्यायनं कान इंजिनाकडं केला नि डोळे मिटले. त्यायचा तोच चरोद्यातला आवाज असन. नि मी? मी पदर खोचून ओरडून राहिली होती, "अजून! अजून रेस द्या ना जी!"

संध्याकाळी पोळ्या कराले गेली तं चिमटा जाग्यावर नाही. पाहते तं देवापुढं, पान्यायच्या मधात, कुंकू लावून मांडलेला. हे म्हणे, "आता उद्यापर्यंत हात लावाचा नाही." आमी बुंदी खाऊनच झोपलो.

सकाळी ठेला घेऊन कबाडीवाला हजर. त्याले परत कळवाचं कोनाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मी फाटकात गेली नि म्हटलं, "भाऊ, इंजिन नाही द्याचं. पण एक सांग, दोन सीटची जुनी गाडी कुठी पडली दिसली का तुले? लाल पाह्यजे."