जेरालीनने पोटरी चोळली नाही

आजारातून उठलेल्यांचे व्यायाम घेणारी जेरालीन फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलोचीच. वय तिशीचं, अंगाने काडी. मला मानांग, म्हणजे ताई, म्हणायची; बोलणं मात्र सरळ तोंडावर. माझे यजमान दमासो जहाजावर इंजिन सांभाळायचे. अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळातली फिजिओथेरपी संपली, तेव्हा डॉक्टरांनी हिचं नाव सुचवलं. तीन महिन्यांत तिने दमासोला काठीच्या आधाराने दारापर्यंत नेलं. मी बघतच राहायची.

घरात पैशाची ओढाताण होतीच. एकदा तिच्यापुढे कॉफी ठेवून मी गोडीत म्हटलं, "पोरी, पावतीवर फिजिओथेरपी लिही ना. जहाज कंपनीचा विमा पैसे देईल. कुणाचं काय जातंय?"

"मी फिजिओथेरपिस्ट नाही, मानांग. व्यायाम घेते, तर व्यायामच लिहिणार."

"एक शब्द गं फक्त."

"तोच लिहिता येत नाही. हवं तर आठवड्यातून दोनदाच येते. बाकीचे दिवस तुम्ही घ्या, मी शिकवते."

म्हणजे कॉफी माझी आणि शहाणपणा हिचा. आठवडाभर मी तिच्याशी धड बोलले नाही.

पुढच्या मंगळवारी सकाळी दमासोची उजवी पोटरी ठणकायला लागली. आमच्याकडे काही दुखलं की आधी लोलिंगला हाक मारायची. शेजारची लोलिंग आलं घातलेलं खोबरेल कोमट करून चोळते. अख्खी गल्ली तिच्या हाताखालून गेलीय. ती वाटी घेऊन बसलीच होती, तेवढ्यात जेरालीन आली. तिने फीत काढून दोन्ही पोटऱ्या मोजल्या. उजवी दीड इंचाने जास्त भरली.

"कुणी चोळू नका. आज व्यायामही नाही, आणि आजचे पैसेही नाहीत. आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या."

"झालंय काय ते तरी सांग."

"ते डॉक्टर सांगतील. हे माझ्या हातातलं नाही, एवढं मला कळतं."

लोलिंग फिसकन हसली. "पायात गोळा आलाय नुसता. त्याला कुणी इस्पितळात नेतं का गं?"

लोलिंगला मी चाळीस वर्षं ओळखते. माझी दोन्ही बाळंतपणं तिनेच निभावली. तरी मी तेलाची वाटी बाजूला सारली आणि ट्रायसिकल रिक्षा बोलावली.

पोटरीत रक्ताची गाठ होती. चोळली असती तर सुटून फुप्फुसात जाऊ शकली असती, डॉक्टर म्हणाले. "तुमच्या ट्रेनरने पाय चोळला नाही, हे नशीब समजा."

मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले. जेरालीन शेजारीच होती. एवढ्याशा पोरीची मला भीतीच वाटली, चर्चमध्ये गुडघे टेकताना वाटते तशी. माझ्या दमासोचा जीव कशावर तरला, ते मला तिथे कळलं. तिने त्या कॉफीच्या दिवशी पावतीवर तो खोटा शब्द लिहिला असता, तर तिच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला नसता आणि त्या सकाळी मी लोलिंगचंच ऐकलं असतं.