गळ्यातला देव काढून दिला तेव्हा

देवावर माझा राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. ज्याच्यावर आपण रागावतो त्याच्याशी निदान बोलतो तरी. माझं बोलणंच संपलं होतं. निलंग्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. दुकान चालतं, धाकटा भाऊ हाताशी आहे, बायको शाळेत शिकवते, मुलगी लातूरला शिकते. मग कमी काय होतं? सगळे हेच विचारत, मीही स्वतःला हेच विचारत असे, आणि उत्तर सापडत नाही म्हणून लाजेनं खाली मान घालत असे. ज्याचं घर जळलं त्याला रडायची मुभा असते. माझं तर काहीच जळलं नव्हतं.

आम्ही लिंगायत. इष्टलिंग गळ्यात असतं ते लहानपणापासून. रोज आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, भस्म लावायचं, बेल वाहायचा आणि त्याच्याकडे पाहत बसायचं. वडिलांनी तापातही हे चुकवलं नाही, मीही कधी चुकवलं नव्हतं. त्या हिवाळ्यात मात्र मी नुसता पाहत राहायचो, आत काहीच हलायचं नाही. पहाटे झोप उडायची आणि दिवसभर अंग शिशासारखं जड. गिऱ्हाइकानं भांड्यावर घालायला नाव सांगितलं की कोरायचं यंत्र हातात घेईपर्यंत मी ते विसरलेलो असायचो. भाऊ म्हणायचा, "आण्णा, तुमी इचार लई करायलाव." बायकोनं दृष्ट काढली. घरी येणारे स्वामी म्हणाले, पूजेत मन लावा. कुणाच्याच मनात काही वाईट नव्हतं, सगळे मायेनंच बोलत होते. पण लावायला मनच शिल्लक नाही, हे कुणाला सांगायचं?

हळूहळू वाटू लागलं की मी नसलो तर ही माणसं मोकळी होतील. हा विचार मला दुष्ट वाटला नाही, शहाणपणाचा वाटला. या आजाराची खरी गोम तीच आहे. तो आपल्याच आवाजात बोलतो, म्हणून खरा वाटतो.

एका सोमवारी माल बघायला जातो असं सांगून मी नांदेडच्या एसटीत बसलो. परत यायचं नाही असं ठरलं होतं. पुढे काय करणार होतो ते इथे लिहीत नाही; ते लिहिण्यासारखं नव्हे. अडचण एकच होती, गळ्यातला देव. आमच्यात माणूस गेला की त्याचं लिंग त्याच्यासोबतच मातीत जातं. पण मला वाटलं, आपण चाललो ते चाललो, याला कशाला फरपटत न्यायचं? आता हसू येतं. मरायला निघालेला माणूस देवाची सोय लावत होता.

नांदेडात उतरून एका महादेवाच्या देवळात गेलो. बाहेरच्या ओट्यावर साठीच्या पुढच्या एक बाई बसल्या होत्या. कपाळावर भस्माचे पट्टे पाहून कळलं, आपल्यातल्याच आहेत. मी लिंग गळ्यातून काढून त्यांच्यापुढे धरलं. म्हणालो, "अक्का, दोरा बदलायचाय. नवा घिऊन येतो, तवर जरा धरता का?"

आमच्यातलं शेंबडं पोरही असं म्हणणार नाही. दोरा बदलायचा तर नवा आधी आणून ठेवतात. लिंग अंगावेगळं करून बाजारात जात नाहीत. पण त्या दिवशी मला थापसुद्धा नीट मारता आली नाही.

अक्कांनी लिंग घेतलं नाही. माझं मनगटच धरलं. "दोरा तर नवाच हाय की," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, अगदी हळू, "दादा, जीव द्यायचं मनात हाय का?"

इतक्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. विचारलं तर नसलेलं मनात भरेल, अशी आपल्याकडे भीती असते. माझ्या मनात ते कधीचंच भरलेलं होतं. त्यांनी विचारल्यावर पहिल्यांदा त्याला बाहेर यायला वाट मिळाली. मी "हाव" म्हणालो आणि त्या ओट्यावर लोकांदेखत रडलो.

"माझ्या धाकट्या भावानं आसंच काढून देवघरात ठिवलं हुतं," अक्का म्हणाल्या. "आमाला वाटलं, आंघोळ करून घालायचं इसरला. मी तर त्याला बोलले, देव बी संभाळता येईना का तुला." पुढचं त्यांनी सांगितलं नाही, मला ते कळलं. "हे मी घेनार न्हाई. गळ्यात घाला. आन् घरचा नंबर सांगा."

निलंग्याहून बायको आणि भाऊ पोचेपर्यंत अक्का माझ्याजवळून हलल्या नाहीत. नळावर तोंड धुवायला गेलो तरी मागे आल्या. उपदेश काही केला नाही. मीच एकदा विचारलं, हा माझा भोग असेल का? तर जराशा चिडूनच म्हणाल्या, "मी शुगरची गोळी रोज खाते. भोग म्हनून सोडून दिऊ का? मनाचं बी दुखनंच हाय. त्याला डाक्टर हाय."

लातूरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे उपचार सुरू झाले. लगेच काही उजाडलं नाही. कित्येक आठवडे गोळ्या घेऊनही सगळं तसंच होतं, आणि घरच्यांनी मला एकटं सोडलं नाही. मग एकदा जेवताना शेंगदाण्याच्या चटणीत मीठ जास्त झालंय म्हणून मी कुरकुरलो, आणि बायको ताटावरच रडायला लागली. कित्येक महिन्यांनी मला चव कळली होती. वाईट दिवस अजूनही येतात. आता मी ते आले की घरात सांगतो, एवढाच फरक आहे, आणि तो लहान नाही.

त्या बाईंना देवानंच तिथं बसवलं, असं सगळे म्हणतात. मी वाद घालत नाही. मला इतकंच कळलं की संपून जाण्यालाच मी देवाला शरण जाणं समजत होतो. 'माझ्यानं होईना' एवढं समोरच्या माणसाला सांगणं आणि त्यानं धरलेला हात सोडवून न घेणं, शरण जाणं ते. देवाचे उपकार मी मानतो, पण आधी त्या बाईंचे मानतो. तो रागावणार नाही.

नागपंचमी हा आमच्याकडे भावांचा सण. तेव्हापासून पंचमीला अक्कांचा फोन येतो. यंदा बोलता बोलता म्हणाल्या, "बसू, जेवलास का रे?" बसू हे त्यांच्या भावाचं नाव.

मी म्हणालो, "ओ अक्का. जेवलो."