मामांनी काढलेला डिगरीचा भाव

या जगात अशी एकही वस्तू नव्हती जिचा भाव आमच्या मामांनी विचारला नव्हता. मामा धानोऱ्याचे, धंदा कापसाच्या दलालीचा, आणि स्वभाव असा की समोरच्या माणसाचं नाव कळायच्या आधी त्याच्या चपलेची किंमत कळली पाहिजे. "भो, हाई कितलाले लिधं?" हा त्यांचा रामराम. लग्नात मांडवाची, मयताला गेले तर तिरडीच्या बांबूंची, एवढंच काय, मी मास्तर झालो तेव्हा पेढा तोंडात असतानाच पेढ्यांची चौकशी झाली. यात लोभ मुळीच नव्हता. विकत घेणं कमी आणि विचारण्यातला आनंदच जास्त. तापीकाठच्या केळीवाल्याला केळीचा भाव विचारून ते रिकाम्या हाताने आणि भरल्या मनाने घरी येत.

पण सांगितलेल्या भावावर त्यांचा विश्वास नसे. आमच्याकडे कापसाचा आणि बैलांचा सौदा तेव्हा उपरण्याखाली होई. दोघांनी उपरण्याआड हातात हात घालायचा, बोटं दाबून भाव सांगायचा, भोवतालच्या दहाजणांना पत्ता लागता कामा नये. मामांचं सगळं तत्त्वज्ञान या उपरण्याखाली होतं. "तोंडना भाव खोटा, बोटना भाव खरा," असं ते म्हणत. दुसरं तत्त्व असं की कापसाच्या गाडीत वरवर पाहायचं नाही, खांद्यापर्यंत हात खुपसून तळचा कापूस काढायचा, कारण शेतकरी असो की राजा, चांगला माल वरच ठेवतो. मामींनी भाजलेल्या भाकरींच्या चवडीतलीसुद्धा ते तळची ओढून घेत आणि मामी कपाळाला हात लावत.

अशा माणसाच्या मुलीने, म्हणजे माझ्या मामेबहिणीने, मॅट्रिक पास झाल्यावर एके दिवशी जेवताना सांगितलं की मला नर्सिंग शिकायचंय. गावात देवीची लस टोचायला आलेली नर्स तिने लहानपणी पाहिली होती, तेव्हापासून हे खूळ. तीन वर्षांचं शिक्षण, धुळ्याला राहायचं, शेवटी एक कागद मिळायचा. त्या कागदाला घरात सगळे डिगरीच म्हणत. नेमकं त्याच वेळी तापीकाठच्या एका चांगल्या घरातून तिला मागणी आली होती आणि दोन्हीकडे वैशाखाच्या आत उत्तर द्यायचं होतं. पोर रडली नाही, भांडली नाही, पण तिचं जेवण कमी झालं. दुसऱ्या कुण्या बापाने मुलीला दटावलं असतं. मामांना मात्र वेगळाच किडा चावला. या डिगरीचा भाव काय?

आठवडाभर ते ओसरीवर बसून हिशोब करत होते. "तीन वरीस शिकाडानं, मंग पोर परक्याना घर जाई. पगार कोनले? त्यास्ले!" असं एकदा म्हणायचे आणि लगेच, "पन सरकारी पगार शे, दुकाळ पडना तरी येस," असंही. मामी वैतागून म्हणाल्या, "तुम्ही भाव काढत बसा, तठलोंग पोर म्हतारी व्हई जाई!" अखेर ठरलं की प्रत्यक्ष माल बघायचा. धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात नाही, तिथे चांगला माल वर मांडलेला असणार. आडवाटेची नर्स गाठायची. म्हणून सुट्टीत मला बरोबर घेऊन मामा सातपुड्याच्या डोंगरातल्या धडगावला निघाले. घाटात आमचा ट्रक दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा मामांनी ड्रायव्हरला टायरची किंमत विचारली.

धडगावच्या दवाखान्यातली नर्स नवापूरकडची ख्रिस्ती बाई होती, चाळिशीची, उन्हाने रापलेली. मामा तिच्यासमोर स्टुलावर बसले, हातावर उपरणं पसरलं, हात पुढे केला आणि गंभीरपणे म्हणाले, "बोला." परक्या बाईला उपरण्याखाली हात घालायला सांगणारा माझा मामा! पण डोंगरातल्या लाजऱ्या बायका पदराआडूनच हात पुढे करतात, याची त्या बाईंना सवय. त्यांनी सरळ उपरण्याखाली हात घालून मामांचं मनगट धरलं, तीन बोटं दाबली आणि छातीवर लावलेल्या घड्याळाकडे बघू लागल्या. मामांचे डोळे विस्फारले.

"तीन?" ते कुजबुजले. "बाई, तीन वीसा का तीन शेकडा?"

"बोलू नका. नाडी केवढी उडतेय तुमची! आडवे व्हा आधी."

"माले काहीच व्हयेल नही, बाई!"

"गप्प पडा, बाबा."

घरात ज्यांना कुणी गप्प म्हणायची छाती नव्हती ते मामा बाकावर निमूट आडवे झाले आणि दुपारभर तसेच पडून बघत राहिले. तोरणमाळकडून पायी आलेली एक पावरा आदिवासी बाई भाजलेलं पोर घेऊन आली. नर्स तिच्याशी तिच्याच बोलीत बोलल्या, पोराला मांडीवर घेऊन पट्टी बांधली. जाताना तिने चारोळीची पुरचुंडी पुढे केली, तर नर्सबाईंनी चिमूटभर घेतली आणि बाकीची तिच्याच पदरात बांधून दिली. मामांची मान त्या पुरचुंडीबरोबर दारापर्यंत वळली.

शेवटी न राहवून त्यांनी मोठ्याने विचारलं, "बाई, पगार कितला शे?" आणि दवाखान्यात बसलेल्या सगळ्यांसमोर बाईंनी तो सांगून टाकला. वर म्हणाल्या, "निम्मा घरी जातो. लग्न जमलं नाही, जमलं तेव्हा बदली झाली. सणाला रजा मिळत नाही. हे सगळं मुलीला सांगा, आणि मग तिला येऊ द्या."

परतताना घाट उतरेपर्यंत मामांनी कुणाला काही विचारलं नाही. मला काळजीच वाटली. खाली आल्यावर म्हणाले, "भाचा, त्या बाईनी तळना कापूस पहिले दखाडा. आसा सौदा मी जनममा दखेल नही. पोरले धाडी दिसूत." घरी येऊन त्यांनी बाईंचा शब्दन् शब्द मुलीला ऐकवला. ती एवढंच म्हणाली, "माले माहीत शे, बा." त्या दिवशी ती पोटभर जेवली. तापीकाठच्या मंडळींना नकार गेला, तिच्या धुळ्याच्या ट्रंकेवर मामांनी स्वतः नाव रंगवलं, आणि ते तिला पोचवून आले.

तिची डिगरी झाली, नोकरी लागली, पगार वेळेवर येऊ लागला. तिने धाकट्या भावाला शिकवलं, मामींच्या डोळ्यांचं ऑपरेशन करवलं. लग्नाचं मात्र राहून गेलं. एकदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी धानोऱ्याला गेलो होतो. गावभरच्या सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, घरोघरी झोके बांधलेले, गाणी चाललेली. मामांनीही अंगणातल्या निंबाला झोका बांधला होता, नवा दोर आणून, आणि शेजारी बाज टाकून बसले होते. ती येणार नव्हती, दवाखान्यात पटकीचे रोगी होते. मी आपलं गमतीने विचारलं, "मामा, मग डिगरीचा सौदा नफ्यात की तोट्यात?"

मामांनी झोक्याला हाताने हलकेच ढकललं.

"नफाच व्हयना रे भो. इतला की माले मोजता येत नही." मग म्हणाले, "पन दर आखाजीले मी झोका बांधस, आनि तो रिकामाच ऱ्हास. तो हिशोबमा कोठे मांडू, सांग बरं?"

मी मास्तर माणूस. वर्गात कुणाचं गणित अडलं तर मी लगेच फळ्याशी जातो. त्या दिवशी मी मामांच्या शेजारी बाजेवर बसलो आणि थांबत आलेला झोका पुन्हा हलकेच ढकलला.