पंपासमोरचा कट आणि सत्यभामामावशीची मेंढरं

आमच्या गावची सत्यभामामावशी शेळ्या-मेंढरं राखते. तिचं तोंड असं, की तिच्याशी भांडायचं असेल तर माणूस न्याहारी करूनच निघतो. सुनेशी मात्र ती साखर. उज्ज्वलाला दिवस गेले, तशी मावशीनं तिला कळपामागं जाऊच दिलं नाही. अर्धं गाव जळालं. उरलेल्या अर्ध्याला मी जाऊन सांगितलं.

मावशीच्या घराच्या बरोबर समोर सरकारी दवाखाना. पूर्वी ओट्यावरून हाक मारली तर नर्स ओ द्यायची. मग रस्ता चौपदरी झाला. केजकडं जाणाऱ्या गाड्या सुसाट सुटल्या आणि मधोमध कमरेएवढा सिमेंटचा दुभाजक बसला. माणसांना ओलांडायला दवाखान्यासमोर त्यात एक कट ठेवला होता. तो बुजला, आणि पार तिकडं आमचे पुढारी अमरसिंहदादा यांच्या पेट्रोल पंपासमोर नवा उगवला. कसा उगवला ते मला विचारू नका. म्हणजे विचारा, पण चहा पाजून विचारा.

शेजारची बिचारी म्हातारी साखराबाई दवाखान्यात जायला दुभाजकावर चढताना पडली, खुबा मोडला. पंपावरची टगी मंडळी म्हणाली, "म्हातारीनं चढावं कावून?" भिंत तिथं कुणी घातली, हे एकानंही विचारलं नाही.

मावशी दादांकडं गेली.

"दादा, सुनेचे दिवस भरत आलेत. दवाखान्याम्होरचा कट खोला."

"मावशे, हायवे हाय हा. गाड्या थांबत बसल्या तर विकास कसा व्हायचा?"

"मग आमी जावं कुठून?"

"पंपापाशी हाय की वाट. तिकडून जावा."

"बरं," मावशी म्हणाली. ती 'बरं' म्हणाली की मी घाबरतो. दादा घाबरले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सगळा कळप पंपासमोरच्या कटातून निघाला आणि पंपाच्या सावलीत बसला. लेंड्यांचा सडा, ट्रकांची रांग, आणि मधोमध अडकलेली दादांची पांढरी गाडी.

"मावशे, हाकल की ती मेंढरं!"

"तुमीच वाट दावली, दादा. बोकड लई दमलाय, टेकू द्या जरा."

रोज हेच. गिऱ्हाईक तुटायला लागलं, तसा दवाखान्यासमोरचा कट गुपचूप खुला झाला.

मला वाटलं, मावशी जिंकली. कसली जिंकते! तपासणीच्या दिवशी उज्ज्वला पोट सांभाळत कटापाशी उभी राहिली. रस्त्यावर ना पांढरे पट्टे, ना गतिरोधक. एक गाडी थांबेना. तिनं हात केला, तर एकानं काच खाली करून विचारलं, "मरायचंय का गं?" अरे, भरल्या दिवसांची बाई ती! जगायचंय आणि जगवायचंय म्हणूनच दवाखान्यात निघालीय ना? कळप उतरला की हेच गाडीवाले करकचून ब्रेक दाबतात. कारण शेळी चिरडली तर मावशी काठीनं काच फोडते. बाईला धक्का लागला तर बाईच मधे आली म्हणायचं!

मावशीनं खुंट्याची एक शेळी सोडली, दावं सुनेच्या हातात दिलं.

"हिला म्होरं घाल. तू मागं मागं जा."

शेळी रस्त्यात उतरली. भरधाव ट्रक जागच्या जागी थांबला.

उज्ज्वलाला मुलगी झाली. दोघी सुखरूप. आता तपासणीच्या दिवशी दवाखान्याच्या फाटकाला बायांनी मावशीकडून मागून आणलेल्या चार-पाच शेळ्या बांधलेल्या असतात. नर्स आधी खेकसायची, "दवाखाना हाय का गोठा?" परवा मात्र ड्यूटी संपल्यावर तीच कटापाशी येऊन मावशीला हाका मारत होती, "मावशे, पलीकडं जायचंय, एखादी शेळी रिकामी हाय का?"