पंचवीस फुटांवरून

आमच्या नाटक कंपनीत पेंटरांना नाव नव्हतं. म्हणजे पगाराच्या वहीत असेल. पण आम्ही सगळे त्यांना पेंटर म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला पेंटरीणवहिनी. मागचे पडदे ते रंगवायचे. राजवाडा, जंगल, नदीकाठ. त्यांच्या नदीकाठी उभी राहून मी तीस वर्षं रडले. शेवटच्या रांगेतल्या माणसाला त्या पाण्याचा गारवा लागायचा म्हणे. मला मात्र पाठीमागे दिसायचे नुसते निळे-पांढरे फराटे.

"ताई, पडदा जवळून बघू नये," पेंटर म्हणायचे. "राजाला मिशी चिकटवताना बघू नये, तसंच."

वहिनी गेल्या त्याला सात महिने झाले असतील. एका सकाळी पेंटर माझ्याकडे आले. खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून फोटो. पोस्टकार्डाएवढा. अर्धवट रंगवलेल्या पडद्यासमोर वहिनी उभ्या, हातात डबा. अख्खी बाई माझ्या अंगठ्याएवढी.

"तिचा एवढा एकच आहे," ते म्हणाले. "डबा विसरलो म्हणून द्यायला आली होती. थिएटरात पाऊल टाकलं ते तेवढंच. कुणीतरी काढला."

"मग?"

"मला ती तिच्या उंचीची करून हवी आहे. पाच फूट एक इंच. तुम्ही चला बरोबर. मला भाव करता येत नाही आणि ऐकूही अर्धंच येतं."

"भाव मला तरी कुठे येतो? आयुष्यभर ठरल्यापेक्षा कमीच घेत आले."

"मग दोघं मिळून फसू."

निघालो. पहिलं दुकान बाजाराच्या तोंडाशी, वाढदिवसांचे आणि निवडणुकीचे फलक छापणारं. दुकानदाराने फोटोकडे बघण्याआधीच दर सांगितला. चौरस फुटाला वीस.

"चार बाय सहा म्हणजे चारशे ऐंशी. फ्लेक्सवर घ्या काका. दहा वर्षं उन्हापावसात काही होणार नाही."

"ती घरातच राहणार आहे," पेंटर म्हणाले.

पाकिटाच्या मागे त्यांनी, पडद्यांवर खडूने आखायचे त्या दिवसांतल्याच वळणदार अक्षरात, लिहिलं: चारशे ऐंशी, चकाकतं.

दुसरं दुकान काचेचं, गारेगार. तिथल्या मुलीने आम्हाला पाणी दिलं आणि फोटो संगणकावर घेतला. कॅनव्हासवर छपाई, लाकडी चौकटीसकट पाच हजार. चेहऱ्याची दुरुस्ती त्यातच. तिने दोन-चार कळा दाबल्या आणि पडद्यावर वहिनींचा चेहरा लख्ख उगवला. रेखीव भुवया, लांब पापण्या, पुढचे दात एका ओळीत.

"बघा आजोबा! आवडल्या?"

पेंटर पुढे वाकून बराच वेळ बघत राहिले. "छान आहे," ते म्हणाले. मग माझ्या कानाशी येऊन, त्यांना वाटलं त्यापेक्षा फार मोठ्याने, विचारलं, "ताई, पण ही कोण?"

मुलगी बिचारी गोरीमोरी झाली. मी तिला म्हटलं, "बाळ, तू मेकअप उत्तम करतेस. आमच्या वेळी असतीस तर मी नायिकेची कामं आणखी दहा वर्षं केली असती."

तिसरं दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. एकटी बाई, गळ्यात भिंग अडकवलेलं. तिने फोटो कडेने धरला, भिंगातून पाहिला आणि मान हलवली.

"मॅट कागदावर करून मागे बोर्ड लावीन. स्कॅन धरून चोवीसशे. पण एवढा मोठा करू नका. चेहरा फुटेल, नुसते डाग दिसतील. बघणार किती लांबून?"

पेंटरांनी झटकन मान वर केली. कित्येक वर्षांत त्यांना कुणी कामाचं विचारलं नव्हतं.

"पंचवीस फूट," ते म्हणाले.

"मग हरकत नाही. पंचवीस फुटांवरून जुळून येईल."

"हेच," पेंटर मला म्हणाले. "इथेच करायचं. बाईला काम कळतं."

त्यांची खोली मला ठाऊक होती. अकरा फूट, तीही खाटेसकट. मी बोलायला हवं होतं. पण समोरचा आपलं वाक्य जीव ओतून म्हणत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय माझ्या हाडांत मुरलेली. शिवाय इतक्या महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला होता.

आठवड्याने फोटो आला. दारासमोरच्या भिंतीवर दोघा हमालांनी तो टांगला आणि ते गेले. पेंटर खाटेला पाय टेकवून उभे राहिले, मग खाटेवर चढले, मग भिंतीला पाठ लावली. समोर करडे-तपकिरी डाग. कुठे पदर असावा, कुठे डबा. चेहऱ्याच्या जागी तर धुकंच.

"चुकलं, ताई," ते हळूच म्हणाले. "दर वेळी थिएटर मोजायचो. घर कधी मोजलंच नाही."

मी म्हटलं, त्या बाईंना सांगू, लहान करून देतील.

"लहान माझ्याकडे आहेच की."

मग ते खाटेवरून उतरले आणि, जुनी सवय, पडद्याकडे तोंड ठेवून मागे मागे चालू लागले. उंबरा ओलांडला. त्यांच्या मजल्यावरच्या खोल्यांसमोरून एक लांब बोळकांडी जाते, टोकाला जिना. दहा पावलं, पंधरा पावलं. जिन्याच्या कठड्याला पाठ लागली तशी त्यांनी हाक मारली, "ताई! आली!"

मी तिथे जाऊन उभी राहिले. उघड्या दाराच्या चौकटीत पेंटरीणवहिनी उभ्या होत्या. डाव्या भुवईजवळचा तीळसुद्धा होता.

आता जिन्याजवळ त्यांची लोखंडी खुर्ची असते. संध्याकाळी दार सताड उघडं ठेवून ते तिथे बसतात. शेजारी येताजाता विचारतात, "काय पेंटर, काही हरवलंय?" ते म्हणतात, "हो, शोधतोय."

परवा मी शेजारी बसले होते. ते म्हणाले, "मी दौऱ्यावर निघालो की ती अशीच दारात उभी राहायची. मी जिना उतरेपर्यंत."

"तुम्ही हात करायचात ना?"

"माझ्या दोन्ही हातांत डबे असायचे, रंगांचे. आणि मनात पडदा. मी वळून पाहिलं नाही, ताई. ती उभी असायची हे मला शेजाऱ्यांनी सांगितलं, ती गेल्यावर."

दिवे लागले तसे ते उठले. खुर्ची भिंतीला सरकवली आणि खोलीकडे निघाले. एकेका पावलागणिक समोरचा चेहरा विरत जातो, हे पडदेवाल्याला कुणी सांगायला नको. ते जमिनीकडे बघत चालत गेले, आत शिरले आणि मान वर न करताच दार लोटून घेतलं.