खिडकीतून फिट

"ए ड्रायव्हर, तिथंच थांब. वर नको येऊ."

कंपाउंडर आतनं ओरडला. पायरीवर एक पाय ठेवला होता मी. खाली घेतला.

गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला दवाखाना. बाकीचे पेशंट आत, बाकावर, पंख्याखाली. आम्ही ड्रायव्हर बाहेर, नालीच्या कडेला, खिडकीखाली रांगेत. जड गाडीचं लायसन दर तीन वर्षांनी नव्यानं करायचं तर डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डोळे चांगले, कान चांगले, माणूस गाडी चालवायला लायक. कायदा म्हणतो, तपासून द्या. हा डॉक्टर खिडकीतून द्यायचा. रीतच पडली होती तशी. नाव सांगायचं, तो मान वर करून एकदा बघायचा, सही ठोकायचा, कंपाउंडर गजातून कागद बाहेर सरकवायचा. हात लावायचा नाय. नाडीलाबी नाय. अन् ड्रायव्हर लोक खूश! "झटपट होतंय, अजून काय पायजे?"

मला त्या वर्षी तपासूनच पायजे होतं. डाव्या बाजूचं दिसेनासं झालं होतं. सिल्लोडहून कापसाच्या गाठी भरून जळगावला निघालो होतो. अजिंठ्याच्या घाटात सायकलवरची एक पोरगी डावीकडून एकदम चाकाशी आली. आली कसली, ती आधीपासूनच तिथं होती. मलाच दिसली नव्हती. शेजारी रफीकभाई बसला होता, ज्याच्या हाताखाली मी गाडी शिकलो तो. तो बोंबलला म्हणून पोरगी वाचली. गाडी कडेला लावली अन् स्टेअरिंगवर डोकं टेकून बसलो.

म्हणून बायको संगं आली. "तुमी डाक्टरपुढं धड बोलायचे नाय," म्हणाली. रफीकभाईबी आला, त्यालाबी सर्टिफिकेट पायजे होतं.

खिडकीशी गेलो. डॉक्टरनं आडनाव विचारलं. मग गाव. मग, "गावात घर कोणत्या अंगाला?" हा प्रश्न कशापायी असतो ते आमच्या लोकांना पाळण्यापासून कळतं. सांगितलं. त्यानं पेन उचललं.

"साहेब, डावा डोळा बघा जरा. त्या बाजूचं दिसत नाय."

"ढाब्यावरच्या बाया दिसतात ना? बास मग. फिट!"

आतला बाक खिदळला. बाहेरची रांगबी हसली, आमचीच माणसं. डॉक्टरला चेव आला. "आणि हात कोण लावणार तुम्हाला? कुठली कुठली घाण घेऊन येता. चल, पुढचा!" तेव्हा एड्सच्या पाट्या जागोजागी लागल्या होत्या. ड्रायव्हर दिसला की लोक पाटीकडं बघायचे अन् मग त्याच्याकडं.

कागद गजातून बाहेर आला. घेतला. काय करणार? घरची चूल त्या कागदावर पेटायची.

क्रांती चौकाकडं निघालो. रफीकभाई त्याचा कागद घेऊन मागनं येत होता. अंग नुसतं जळत होतं. बायकोला म्हणलं, "तू मागं थांबलीस ते बरं झालं. ऐकलं नाहीस त्याचं."

ती जागीच थांबली. "मागं? मी तुमच्या शेजारीच उभी होते की. डाव्या अंगाला. त्यो बोलला तवा तुमच्या तोंडाकडं बघत होते. तुमी बघितलंच नाय. मला वाटलं, शरमेनं बघत नसतील."

हातभर अंतरावर माझी बायको उभी. तसलं घाण बोलणं ऐकत, माझ्याकडं बघत. अन् मला दिसली नाय! खिशात कागद, डोळे उत्तम म्हणून. तिथं माझं डोकं फिरलं.

मागं वळलो. रफीकभाई आडवा आला. "अरे जाने दे भाई. सर्टिफिकेट मिल गया ना? पेट का सवाल है."

"ती सायकलवाली पोरगी विसरलास व्हय?" म्हणलं. तो बाजूला सरकला.

पायऱ्या चढलो. चपलांसकट. कंपाउंडरनं दंड धरला, झटकून टाकला. डॉक्टरच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसलो अन् कागद टेबलावर ठेवला.

"हा घ्या. खोटा हाय. डोळा बघा, मग लिहा."

"ऊठ! माजलास का? अनफिट लिहीन. भीक मागत फिरशील."

"लिहा. पण बघून लिहा."

ह्या खेपेला कुणी हसलं नाय. डॉक्टरचं तोंड लालबुंद झालं. पोलिसाला बोलवतो म्हणाला. शिव्या दिल्या, आईवरनं, जातीवरनं. डोळा मात्र बघितला नाय. शेवटपर्यंत नाय. कागद तिथंच टाकून मी उतरलो.

सरकारी दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईनं माझी हनुवटी धरली अन् डोळ्यात बत्ती मारली. काचबिंदू. गेलेलं परत येत नाय म्हणाल्या, उरलेलं औषधानं टिकेल. जड गाडी बंद. मला हुंदकाच आला, अन् त्याच्यापेक्षा जास्त राग आला. एवढंच होतं? एक हात, एक बत्ती? मागचं लायसन करताना त्या खिडकीतल्या डॉक्टरनं हे केलं असतं तर माझा डोळा वाचला असता. हे मी माफ करणार नाय. मेलो तरी नाय.

गाडी गेली. लई हाल झाले, खोटं कशाला बोलू. बायको कापसाच्या जिनिंगवर कामाला जायला लागली. मी टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. लोड भरलेली गाडी समोरनं गेली की हातातलं काम टाकून उभा राहतो अजून. चैन म्हणून पडत नाय.

दुकानाला सुट्टी असली की त्या खिडकीखाली जातो. रांगेतल्या एकेकाला सांगतो, "आत जा. खुर्चीत बस. हात लावल्याबिगर सही घेऊ नको." कुणी शिव्या देतं, "तुझी गाडी गेली म्हणून आमची घालवतो का रे?" कुणी जातं. खिडकीतून मिळालेला कागद परत देऊन रफीकभाई पहिला आत गेला.

एकदा डॉक्टर स्वतः पायरीवर आला. "तुझं लायसन गेलं ना? मग आता तुझा काय संबंध इथं?"

"साहेब," म्हणलं, "आता मी रस्त्यानं पायी चालतो. माझी बायकोबी चालती. तुमी न बघता सोडलेली गाडी आमच्याच अंगावर येणार हाय. मी इथनं हलत नाय. बोलवा कुणाला बोलवायचं ते."