लाईनमधली गाठ

माझी दुसरी पोस्टिंग उत्तरेतल्या एका उंच ठाण्यावर होती. मी सिग्नल्समध्ये लेफ्टनंट होते. ठाण्यावर बाई मी एकटीच. सकाळी सहाला सेट तपासणी, सातला लाईन तपासणी, आठला रिपोर्ट. जेवण मी खोलीत मागवायचे. दिवसभर हिंदी आणि इंग्रजी. मराठी फक्त लाईन तपासताना, तेही एकाच माणसाशी.

नायक संतोष माझ्याच जिल्ह्यातला. मी नगर शहरातली, तो पारनेरकडच्या पठारावरचा. त्याचं गाव घोंगड्यांसाठी ओळखलं जातं. घरी वडील माग चालवत. माझं कॉन्व्हेंटचं मराठी ऐकून तो म्हणायचा, "मॅडम, तुमी नगरच्या, पर मराठी पार्सलनं आल्यावानी वाटतंय." मी हसत नसे. अधिकाऱ्याने हसू नये असं मला तेव्हा वाटायचं.

टेलिफोनची तार तुटली की तो विणकराची गाठ मारायचा. मागावरचा दोरा तुटला की त्याचे वडील मारत, तीच. एका हाताने, अर्ध्या मिनिटात. आमच्या पुस्तकात रीफ नॉट होती. तिला दोन्ही हातमोजे काढावे लागत आणि थंडीत बोटं वळत नसली की तीन-चार मिनिटं जात. एका इन्स्पेक्शनच्या आधी मी त्याचा एक जोड पाहिला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, यापुढे फक्त पुस्तकातली गाठ. आपली गाठ आजवर सुटलेली नाही, एवढंच तो म्हणाला. मी हुकूम पुन्हा सांगितला.

"जी, मॅडम."

त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पुढच्या चौकीची लाईन बंद पडली. रेडिओ सेटवर नुसती खरखर. तीन वाजता त्या चौकीवरून आठ जणांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, निघणार होती. त्यांच्या वाटेवरचा बर्फ सुटू शकतो, हा इशारा आमच्याकडे नुकताच आला होता. तो पोचवायला लाईनच हवी होती. संतोषने तारेची रील पाठीवर घेतली. सोबत मी एक जवान दिला.

दोन पंचावन्नला फोन वाजला. तो तुटलेल्या जागेवरूनच बोलत होता.

"मॅडम, लाईन मिळाली. चौकी बोलतीय."

"जॉईंट?"

"तुमचीच गाठ मारलीय. लई वेळ खाल्ला तिनं."

"ठीक. लगेच परत या."

"येतो, मॅडम."

मी चौकीला फोन करून पेट्रोल थांबवली. तीन वाजता आमच्याच बाजूचा, परतीच्या वाटेतल्या नाल्यावरचा बर्फ सुटला. पुढे चालणारा जवान नाल्याबाहेर पोचला होता. संतोष त्याच्या दहा-बारा पावलं मागे होता.

लाईन शाबूत राहिली. तो जोड मी नंतर कापून घेतला. प्रत्येक पोस्टिंगला तो माझ्या ट्रंकेत होता.

सैन्य सोडल्यानंतर पहिल्याच हिवाळ्यात मी पठारावर गेले. एसटीतून उतरले तेव्हा अकरा वाजले होते. वारा बोचरा होता. दारांपुढे काळ्या घोंगड्या वाळत होत्या, चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास येत होता. स्टँडवर एकाने विचारलं, "घोंगडी न्यायला आलाय का, ताई?" मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मला परतीची एसटी किती वाजता आहे, हे विचारायचं होतं.

संतोषचे वडील मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले होते. मी नाव सांगितलं. एसटीत जुळवलेलं वाक्य आठवेना, म्हणून तारेचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बोटांत फिरवला.

"ही त्याची न्हाई."

"माझी आहे, काका. मीच सक्ती केली होती. त्याने स्वतःची गाठ मारली असती तर तो वेळेत नाल्याबाहेर आला असता."

त्यांनी तुकडा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "आला असता का न्हाई, ते मला नका इचारू. मी हितं बसून हुतो."

मागावर एक दोरा तुटला होता. तो त्यांनी माझ्यापुढे केला. "मारा."

मी सवयीने रीफ नॉट मारली. ती मागाच्या फणीत अडकली आणि दोरा पुन्हा तुटला. त्यांनी आपली गाठ सावकाश मारून दाखवली, सोडली, दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. मला सात वेळा करावं लागलं. सातवी फणीतून अलगद गेली.

"फोनवर सांगायचा," ते मागावर पुढे विणत म्हणाले, "मॅडम लई कडक हायेत. हसत न्हाईत."

"हसायला हवं होतं," मी म्हणाले.

तारेचा तुकडा त्यांनी परत दिला नाही. मीही मागितला नाही.

नायक संतोष, सिग्नल्स. त्याने मारलेल्या शेवटच्या गाठीमुळे आठ माणसं आपापल्या घरी गेली. ती गाठ माझी होती. त्याची आता मला येते.